चुकीचा माग : रोजकीर्दीपासून मॅक्रोपर्यंत

जतेला हिशेबाचे दुखणे नवे नाही. डफळ्यांची ही जहागीर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्जात इतकी रुतली, की १८२७ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी ती आपल्या ताब्यात घेतली आणि कर्ज फिटल्यावर १८४१ साली परत केली. पुढे १८७४ पासून १८८५ पर्यंत इंग्रज सरकारने येथला कारभार स्वतःकडे घेतला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तालुका आधी साताऱ्यात, १९४९ पासून दक्षिण साताऱ्यात, आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव बदलल्यावर सांगलीत गणला जाऊ लागला. धनी बदलले, जिल्ह्याचे नाव बदलले. पण प्रत्येक नव्या धन्याने दफ्तर उघडताच विचारलेला प्रश्न एकच होता. जमा किती, खर्च किती, आणि दोहोंचा मेळ बसत नसेल तर चूक कोठे आहे?

चूक कोठे आहे हे शोधण्यालाही एक इतिहास आहे. लढायांचा इतिहास सांगणारे वक्ते पुष्कळ, आणि ज्या तालुक्यात उमराणीची लढाई झाली तेथे त्यांना श्रोत्यांची वाण पडावी असे मुळीच नाही. आम्ही मात्र आज कारकुनांच्या वाटेने जाणार आहोत. ही वाट निघते मोडी अक्षरांतल्या रोजकीर्दीपासून आणि येऊन थांबते संगणकाच्या पडद्यावरील एका तक्त्यापाशी, जो मॅक्रो चालवताच गोठून जातो व आपल्याबरोबर सबंध प्रोग्रामही खाली ओढतो. हा प्रकार ज्यांनी कचेरीत, पतपेढीत वा शाळेत पाहिला आहे त्यांना त्या वेळचे चेहरे आठवत असतील. साहेब ऑपरेटरकडे पाहतो, ऑपरेटर यंत्राकडे पाहतो, आणि यंत्र कोणाकडेच पाहत नाही.

आपल्याकडील हिशेबाची घडी फार जुनी आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्याकडे दफ्तर ठेवण्याच्या पद्धतीचे, म्हणजे मेस्तकाचे, जनकत्व परंपरेने दिले जाते. पेशवाईत ही घडी पुरी बसली. दिवसाचा व्यवहार रोजकीर्दीत, तेथून खातेवार खतावणीत, खतावणीवरून तेरीज, आणि वर्षअखेरीस ताळेबंद. वरवर पाहता हे एकच आकडे तीनतीनदा लिहिण्याचे काम दिसते, आणि इंग्रजी शिकलेल्या काही मंडळींनी त्याची थट्टाही केली. पण या पुनरुक्तीतच सारे मर्म आहे. प्रत्येक पायरीवर आकड्याला एक साक्षीदार मिळे. ताळेबंद जुळला नाही तर कारकून तेरजेकडे जाई, तेरीज बरोबर असेल तर खतावणीकडे, तेथून रोजकीर्दीकडे. ज्या पायरीपर्यंत मेळ होता आणि ज्या पायरीपासून तो सुटला, त्या दोहोंच्या मधल्या जागेत चूक सापडलीच पाहिजे. सबंध रुमाल सोडून बसण्याचे कारण नव्हते.

जुन्या मुनिमांजवळ याहूनही बारीक हत्यारे असत. बेरजेतला फरक नवांनी भागला गेला, तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी असा संशय घ्यायचा. ३,५४० ऐवजी ३,४५० लिहिले तर फरक ९० येतो. तो नवांनी भागला जातो, आणि शून्यावरून हेही कळते की घोटाळा एकम्‌च्या घरात नाही. फरक सम आला तर त्याचा अर्धा आकडा शोधायचा, कारण जमेची रक्कम नावे पडली तर फरक दुप्पट होतो. शाळेत न गेलेला मुनीम हे तोंडी करी. फरक म्हणजे नुसता दोष नव्हे, तो दोषाचा पत्ताही सांगतो, ही जाण त्याला होती.

आणखी एक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून येथेच सांगतो. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब असे. माथ्यावरचा शिक्का पत्र कोणाचे ते सांगे. तळाची ही लहान मुद्रा मजकूर येथे संपला हे सांगे. तिच्याखाली कोणी एक ओळ वाढवली तर ती खोटी ठरे. कोठे थांबायचे, हे लिहिणाऱ्यानेच ठरवून द्यावे आणि ते कागदावर दिसावे, असा हा दंडक होता.

आता एकदम अमेरिकेत जायचे आहे. १९७८ साली हार्वर्डच्या व्यापारशिक्षणाच्या विद्यालयात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचे कोष्टक मांडत. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ही पुसापुशी यंत्राने करावी असे त्याच्या मनात आले. बॉब फ्रँकस्टन या मित्राने प्रोग्राम लिहिला, आणि १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ ॲपलच्या छोट्या संगणकावर विकला जाऊ लागला. एका घरात आकडा बदला, बाकीची घरे आपोआप बदलतात. लेखनिकांच्या एका पिढीचे मनगट या एका कल्पनेने मोकळे केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९८३ च्या जानेवारीत ‘लोटस एक-दोन-तीन’ आला आणि मॅक्रो ही वस्तू सामान्य हिशेबनिसाच्या हाती पडली. मॅक्रो म्हणजे काय? जी कामे आपण एकामागून एक कळा दाबून करतो, त्यांची यादी एकदा लिहून ठेवायची. मग एका इशाऱ्यासरशी यंत्र ती सगळी करते. पहिल्यापहिल्याने ही यादी खरोखर कळांचीच होती. मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सेल’ १९८५ साली निघाला. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला बेसिक भाषेचा एक अवतार जोडला गेला, आणि तक्त्याच्या पोटात सबंध प्रोग्राम लिहिता येऊ लागला. महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तालुक्याच्या गावचा तरुण एक्सेल शिकला. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर त्याच्या काही विवरणपत्रांसाठी खुद्द सरकारी यंत्रणेनेच मॅक्रो असलेले तक्ते पुरवले. म्हणजे ज्याने जन्मात मॅक्रो लिहिला नाही त्याच्याही टेबलावर मॅक्रो येऊन बसला.

हा बदल सोयीचा खरा, पण त्यात एक गोष्ट गळून पडली. रोजकीर्द, खतावणी, तेरीज यांच्यामधून जो माणूस आकडे वाहून नेत होता तो गेला. मॅक्रो सकाळचा आकडा घेतो आणि निमिषात ताळेबंद पुढे ठेवतो; मधल्या पायऱ्या तो चढतो, पण कोणाला दिसत नाहीत. साक्षीदार नाहीत. मग चूक झाली तर ती कोठे पाहायची?

एक उदाहरण घेऊ. ते आम्ही रचलेले आहे, आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत. परंतु जतच्या पूर्व भागातील गावांनी टँकरची वाट पाहणे म्हणजे काय ते अनुभवले आहे, त्यामुळे ते परके वाटू नये. समजा, दुष्काळात तालुक्यात १०० टँकर लागले आहेत, सरासरी प्रत्येकाच्या दिवसाला ३ खेपा होतात, आणि एक खेप १०,००० लिटरची आहे. प्रत्येक खेपेची एक ओळ तक्त्यात पडते. दिवसाला ३०० ओळी. संध्याकाळी ऑपरेटर मॅक्रो चालवतो. मॅक्रोचे दोन भाग आहेत. पहिला भाग त्या दिवशी कोणत्या गावाला किती लिटर पाणी गेले ते लिहितो. दुसरा भाग हंगामाच्या पहिल्या ओळीपासून खाली उतरत, रिकामी ओळ लागेपर्यंत, एकूण बेरीज करतो. या बेरजेवर ठेकेदाराचे बिल निघते, आणि पहिल्या भागावरून उद्या कोणत्या गावाला जादा खेप द्यायची ते ठरते.

१०९ दिवस काम सुरळीत चालते. ११० व्या दिवशी संध्याकाळी पडदा गोठतो. कळ दाबली तरी हालचाल नाही. प्रोग्राम प्रतिसाद देत नाही अशी पाटी येते, आणि शेवटी तो जबरदस्तीने बंद करावा लागतो. दिवसाची न साठवलेली नोंद त्याच्याबरोबर जाते. यंत्र बंद करून सुरू केले जाते, पुन्हा तोच प्रकार. व्हायरस असेल, मेमरी कमी असेल, यंत्र जुने झाले असेल, अशी तीन निदाने तीन माणसे करतात. चौथा म्हणतो की काल तर चालत होता. हे चौथे वाक्यच कामाचे आहे, कारण काल आणि आज यांत काय बदलले हाच खरा प्रश्न. यंत्र बदलले नाही, मॅक्रो बदलला नाही. बदलली ती फक्त ओळींची संख्या.

जाणता माणूस प्रथम मूळ तक्त्याची नक्कल करतो आणि मूळ बाजूला ठेवतो. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण घाईत दुरुस्ती करणाऱ्याने मूळ बिघडवल्यावर उरते ते केवळ हळहळणे. मग तो अर्ध्याने तोडत जातो. ३६,००० ओळींचा तक्ता असेल तर १८,००० ओळी देऊन पाहायचे. चालला तर २७,०००. गोठला तर त्यामधला आकडा. फार तर सोळा वेळा अर्धे करत गेले की नेमकी एक ओळ हाती येते. तेरजेकडून खतावणीकडे जाणाऱ्या कारकुनाची हीच रीत होती, फक्त येथे पायऱ्या आपण पाडून घ्यायच्या.

अशा रीतीने हाती लागते ओळ ३२,७६७. शीर्षकाची ओळ धरून मोजले तर ती ११० व्या दिवसाची ६६ वी खेप. आता सगळे त्या ओळीवर तुटून पडतात. गावाचे नाव चुकले काय, तारखेत काही अक्षर घुसले काय? काहीही नाही. ती ओळ पुसून टाकतात. खालची ओळ वर सरकते, आणि प्रोग्राम पुन्हा गोठतो. बिचारी ओळ निरपराध आहे. दोष तिच्या मजकुरात नसून तिच्या क्रमांकात आहे.

मॅक्रोच्या भाषेत आकडा ठेवण्याची जी भांडी असतात त्यांपैकी एकाचे नाव ‘इंटिजर’. त्यात दोन अंकी पद्धतीच्या सोळा जागा असतात. एक धन-ऋण सांगण्यात जाते, उरलेल्या पंधरांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. ओळ मोजणारे भांडे या मापाचे होते. त्यात आणखी एक मिळवायला गेले की ते भरून वाहते, आणि ‘सहा नंबरची चूक, ओव्हरफ्लो’ अशी सूचना देऊन मॅक्रो थांबतो. म्हणजे तो थांबायला हवा होता. मग गोठला का?

कारण मॅक्रो लिहिणाऱ्याने माथ्यावर एक ओळ घातली होती. तिचा मराठीत अर्थ असा : चूक झाली तरी बोलू नकोस, पुढच्या ओळीवर जा. ही ओळ लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि तिने काम सुरळीत चालते असा त्यांचा समज असतो. आमच्या मते दफ्तरात शिरलेल्या सर्व रोगांत हा सर्वांत वाईट. येथे काय घडले पाहा. ३२,७६७ मध्ये एक मिळवता आला नाही. सूचना गिळली गेली. क्रमांक जेथल्या तेथे राहिला. ती ओळ रिकामी नसल्याने मॅक्रोने तीच खेप पुन्हा बेरजेत धरली. पुन्हा एक मिळवायला गेला, पुन्हा जमले नाही, पुन्हा तीच खेप. कागदावर त्या गावात पाण्याचा महापूर आला, आणि यंत्र आपल्या परीने प्रामाणिकपणे राबत राहिले. थांबण्याची मर्यादा आत कोठे लिहिलेलीच नव्हती, मोर्तब नव्हते.

ही चूक गिळणारी ओळ काढून टाकली आणि मॅक्रो पुन्हा चालवला. येथे खरा धक्का बसतो. मॅक्रो दुसऱ्या भागापर्यंत पोचतच नाही. तो पहिल्या भागात, जेथे कोणाचाच संशय नव्हता तेथे, थांबतो. सूचना तीच : ओव्हरफ्लो. गावाच्या खेपांना १०,००० लिटरने गुणायचे होते. दोन खेपा, २०,००० ; तीन खेपा, ३०,००० ; भांड्यात मावतात. मोठ्या गावाला चार खेपा गेल्या की ४०,००० होतात, आणि ते मावत नाहीत. गुणाकाराचे उत्तर मोठ्या भांड्यात घ्यायचे म्हटले तरी भागत नाही, कारण दोन्ही गुणक लहान भांड्यांतले असले तर ही भाषा गुणाकारही लहान भांड्यातच करते. आजवर ही सूचना गिळली जात होती. उत्तर निघत नसल्याने भांड्यात आधीच्या गावाचा आकडा तसाच राही, आणि तोच या गावापुढे लिहिला जाई. म्हणजे ज्या गावाची तहान सर्वांत मोठी, त्याच्या नावावर शेजारच्या लहान गावाचे पाणी १०९ दिवस लिहिले जात होते. प्रोग्राम गोठला नसता तर हे कोणालाही कळले नसते.

यंत्रातील दोषाला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-दोन या गणनयंत्रात खरोखरच एक पतंग सापडला, आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला, ही कथा सर्वत्र सांगतात. कथा खरी आहे, पण शब्द तिच्यामुळे जन्मला असे नाही. एडिसनने १८७८ साली तो याच अर्थाने वापरला होता. त्या पतंगाचे मात्र एक बरे, की त्याने यंत्र अडवले आणि तो दिसला.

सोळा जागांच्या भांड्याने याहून मोठे अपघात केले आहेत. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-पाच हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटला व नष्ट झाला. एरियान-चारसाठी लिहिलेला प्रोग्राम त्यात तसाच ठेवला होता. नव्या बाणाचा आडवा वेग जास्त, तो आकडा सोळा जागांत बसवताना ओव्हरफ्लो झाला. जुना मॅक्रो नव्या वर्षाच्या तक्त्याला जोडणाऱ्यांनी हे उदाहरण मनात ठेवायला हरकत नाही.

आणि मुकाट चुकीचे उदाहरण इंग्लंडचे. २०२० साली करोनाच्या साथीत तेथील सार्वजनिक आरोग्य खात्याने चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या धर्तीच्या फायलीत घेतले. त्या फायलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नाही. जास्तीचे निकाल गळून पडले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ बाधित दैनंदिन आकडेवारीतून सुटले, आणि त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध लांबला. तेथे काहीही कोसळले नाही. पडदा गोठला नाही, पाटी आली नाही. म्हणूनच गोठलेल्या प्रोग्रामवर चिडणाऱ्या मंडळींना आमचे सांगणे असते की, त्याने तुम्हांला हाक तरी मारली.

मॅक्रो कोसळण्याची इतर कारणेही आहेत. त्यांचा नुसता उल्लेख करतो. घरातला आकडा बदलला की चालणारा मॅक्रो स्वतःच त्या घरात आकडा लिहितो. त्याने तो पुन्हा जागा होतो, पुन्हा लिहितो, आणि आपल्याच शेपटीमागे धावत स्मरणाची जागा संपवून टाकतो. बत्तीस जागांच्या ऑफिसमध्ये लिहिलेला मॅक्रो चौसष्ट जागांच्या ऑफिसमध्ये यंत्रणेच्या आतल्या भागाला हात घालतो आणि सबंध प्रोग्राम बंद पाडतो. फाईल उघडताच मॅक्रो सुरू होऊन पडत असेल तर शिफ्टची कळ दाबून ती उघडावी; मॅक्रो निजलेला राहतो आणि आत पाहता येते. मग एफ-आठ या कळीने एकेक ओळ चालवून प्रत्येक भांड्यात काय आहे ते पाहत जावे. या कळीने मॅक्रो पुन्हा रोजकीर्दीच्या चालीने चालू लागतो.

आपल्या टँकरच्या तक्त्याची दुरुस्ती तशी लहान. ‘इंटिजर’च्या जागी ‘लाँग’ हा शब्द लिहायचा. त्या भांड्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचा आकडा मावतो. चूक गिळणारी ओळ काढलेली आहे ती परत घालायची नाही. पण एवढ्याने काम होत नाही. पहिल्या दिवसापासून सर्व गावांचे लिटर पुन्हा काढावे लागतात, आणि ते गावोगावच्या खेपांच्या कागदी नोंदींशी, म्हणजे पाणी घेतल्याच्या सह्यांशी, ताडून पाहावे लागतात. मोठ्या गावांच्या नावावर कमी लिहिलेले पाणी प्रत्यक्षात पोचले होते. पण त्या कमी आकड्यांवरून ज्या जादा खेपा इकडच्या तिकडे वळवल्या गेल्या, त्यांची यादी वेगळी करून कचेरीपुढे ठेवावी लागते.

राहता राहिली नव्या भांड्याची मर्यादा. दिवसाला ३०० खेपा धरल्या तर ते भरायला एकोणीस हजारांहून अधिक वर्षे लागतील. त्याआधी तक्ताच संपेल. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात. त्या याच गतीने ३,४९५ दिवसांत, म्हणजे साडेनऊ वर्षांत भरतात. त्या दिवशी कोणीतरी नवे पान उघडले पाहिजे, आणि जुन्या पानाची अखेरची बाकी त्याच्या पहिल्या ओळीत ओढली पाहिजे. हे मॅक्रोला सांगून ठेवायचे, की भिंतीवर लिहून ठेवायचे, ते ज्याने त्याने ठरवावे. आम्ही दोन्ही ठिकाणी लिहिले असते.